मणक्यातल्या रक्तवाहिनीच्या उपचारानंतर दिव्यांग प्रमाणपत्र: खान्देशातल्या रुग्णांनी अर्ज कधी आणि कसा करावा

पाठीच्या कण्यातला एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) किंवा ड्युरल फिस्टुला (मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शिरेचा झालेला चुकीचा जोड) एम्बोलायझेशननं, म्हणजे नळीतून औषध सोडून वाहिनी बुजवून, किंवा ऑपरेशननं बंद झाला की घरचे म्हणतात, सुटलो. पण तोवर शिरांमधला दाब वाढून मज्जारज्जूला सूज आलेली असते. ती उतरायला महिने लागतात आणि काही इजा कायमची राहते. बहुतेकांची चाल हळूहळू सुधारते. लघवी आणि शौचावरचा ताबा मात्र मागे राहतो. जे उरतं त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) मिळू शकतं. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले बरेच जण अर्जच करत नाहीत, कारण आजाराचं नाव यादीत सापडत नाही.

ते सापडणारही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात एव्हीएम नाही. टक्के ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड आजार मोजत नाही, आजारानं काय गेलं ते मोजतं. पायातली ताकद कमी झाली असेल, तोल जात असेल, तर ऑनलाइन फॉर्ममध्ये 'लोकोमोटर' म्हणजे चलनवलनाचं दिव्यांगत्व निवडायचं. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात.

डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या सिव्हिलला पळू नका. मज्जासंस्थेच्या आजारात तपासणी आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी करावी, नेमकी वेळ तपासणारे डॉक्टर ठरवतील, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. फिस्टुलाचं निदान मुळातच उशिरा होतं. आधी कित्येक महिने गादी सरकली, वय झालं म्हणून गोळ्या चाललेल्या असतात. म्हणजे कागदावर सहा महिने कधीच उलटलेले असतात, पण उपचारानंतरची सुधारणा अजून चालू असते. माझं मत विचाराल तर उपचारानंतर साधारण सहा महिने फिजिओथेरपी करा आणि मग अर्ज करा. सुधारणेची शक्यता असली तर बोर्ड मुदतीचं प्रमाणपत्र देतं, नसली तर कायमचं.

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो. घरी, सेतूवर किंवा सायबरवाल्याकडे. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, चालू मोबाइल नंबर आणि पत्त्याचा पुरावा लागतो. फॉर्म भरताना जिल्हा आणि हॉस्पिटल निवडावं लागतं. राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात या त्रासावर उपचार झाले तिथेही. नवापूर-तळोद्याकडचे लोक सुरतला जातात, चोपडा-अमळनेरचे नाशिक-मुंबईला. खासगी दवाखान्याचे कागद पुरावा म्हणून चालतात, पण टक्के सरकारी यंत्रणाच ठरवते: जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, नंदुरबारचं शासकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालयाची यंत्रणा. बोर्डाचा वार आधी फोन करून विचारून घ्या.

वैद्यकीय कागदांत डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, स्पायनल अँजिओग्राफीचा म्हणजे डीएसएचा रिपोर्ट आणि उपचारानंतरच्या फेरतपासणीच्या चिठ्ठ्या ठेवा. निदानाआधीची जुनी चिठ्ठी सापडली तर तीही जोडा, त्रास कधीपासून आहे हे तिच्यावरूनच कळतं. आधारवर 'पंडित आनंदा पाटील' आणि डिस्चार्ज कार्डावर 'पंडीत ए. पाटील' असा घोळ असेल तर हॉस्पिटलकडून आधीच दुरुस्त करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीत डॉक्टर पायाच्या स्नायूंची ताकद ० ते ५ अशी जोखतात, संवेदना पाहतात, चालायला लावतात. मग विचारतात, अजून काही? आणि आपले बाबा, कपाळावरची टोपी सारखी करत, "काही नही, बरं शे" म्हणून मोकळे होतात. शेजारी सून उभी असते, लघवीचं कोण बोलणार? पण लघवीवरचा ताबा जाणं हे वेगळं मोजलं जातं आणि टक्क्यांत धरलं जातं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लागते का, लघवी अडते की सुटते, रात्री पॅड लागतं का, हे सांगायलाच हवं. लघवी केल्यावर किती उरते याचा सोनोग्राफी रिपोर्ट किंवा युरोडायनॅमिक (मूत्राशयाचं काम मोजणारी) तपासणी असेल तर फाइलमध्ये वर ठेवा. लाज वाटत असेल तर चार ओळी लिहून तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

दोन त्रासांची बेरीजही साधी नसते. मोठा आकडा अ आणि लहान ब धरला तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र आहे. पायाचे ४० आणि मूत्राशयाचे २५ असतील तर ६५ होत नाहीत, ५४ च्या आसपास येतात. हे माहीत नसलं की टक्के कापले असं वाटतं आणि खिडकीवर भांडण होतं.

उन्हाळ्यात बोर्डाला जाताना एक सांभाळा. पायाला चटका कळत नसेल तर एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या फरशीवर चप्पल काढून उभं राहू नका. फोड आलेला घरी गेल्यावर दिसतो. जास्तीचा कॅथेटर आणि पाणी जवळ ठेवा, रांग लांब असते.

कार्ड पोर्टलवरून डाउनलोड होतं. ४० पेक्षा कमी टक्क्यांना पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. एसटीत ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ६५ च्या पुढे सोबत्यालाही निम्मी. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये जातो. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये आहेत. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी ठेवावा लागतो, तो मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. रेल्वेचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं; जळगाव आणि धुळे ही दोन स्टेशनं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, नंदुरबार मात्र पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात.

टक्के पटले नाहीत तर प्रमाणपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलाला नवीन फेरतपासणीचा कागद जोडा, नुसती तक्रार टिकत नाही. प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आताच लिहून ठेवा आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, म्हणजे मधल्या काळात निराधारचे पैसे अडकायची पाळी येत नाही.