शिष्यवृत्तीचे फॉर्म सुटायच्या आधी: महाडीबीटीसाठी काय काय तयार ठेवायचं

"ताई, ईबीसीचे फॉर्म सुटले का?" भुदरगड, आजरा, राधानगरीकडून कोल्हापुरात शिकायला आलेली पोरं मला पहिल्यांदा हेच विचारतात. (ईबीसी म्हणजे फीत सवलत देणारी राज्याची शिष्यवृत्ती. तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात.) मी उलटं विचारते, "उत्पन्नाचा दाखला काढलास का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या वर्षी मीही असंच आधी फॉर्म आणि मग कागद केलं. आता दसरा चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभं राहून दुसऱ्यांच्या फाईली तपासते.

कोण कशात बसतं ते आधी बघू. खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी, महाराष्ट्राचा रहिवासी आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. हीच आपली ईबीसी. यात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न याच मर्यादेत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर हे विसरा. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची मर्यादा अडीच लाख. त्याच्या वर उत्पन्न गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी माफीची योजना, बघायची. वसतिगृहात राहणाऱ्यांनी ईबीसीच्या जोडीला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा भरावा. आईवडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर त्याचा दाखला तिथं कामाला येतो. हा अर्ज निम्मी पोरं भरतच नाहीत, कारण तो वेगळा भरायचा असतो हेच कुणी सांगत नाही.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा दाखला हा त्यासाठीचा पुरावा, तोच स्कॅन करून जोडू नका. एप्रिलनंतर सरलेल्या आर्थिक वर्षाचा काढा. आपले सरकार सेवा केंद्रावर अर्ज होतो. कायद्यानं मुदत 15 दिवसांची असली तरी प्रवेशाच्या हंगामात तिथली रांग बघून घ्या, म्हणजे मे महिन्याचं महत्त्व कळेल. याशिवाय अधिवासाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती आणि मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला लागतो, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणीही. पडताळणीला महिने जातात, ती अकरावी-बारावीतच टाका.

आपल्याकडं खरा घोळ नावांचा असतो. माझ्या वडिलांचं नाव दहावीच्या कागदावर 'बाळासाहेब', रेशन कार्डावर 'बाळासो' आणि आधारवर नुसतं 'बाळू'. गावात तिन्ही नावांनी हाक मारली तरी माणूस एकच येतो, पण छाननीच्या टेबलावर ही तीन माणसं होतात. माझा अर्ज परत आला तो याच्यावर. आधी आधार दुरुस्त केलं, मग नव्या नावानं दाखला काढला. यात सगळी दिवाळीची सुट्टी गेली. म्हणून माझ्याकडं फाईल आली की मी पहिल्यांदा सगळे कागद जमिनीवर पसरते आणि फक्त नावं वाचते.

दुसरी अडचण बँकेची. खातं आधारला 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, आधारशी जोडलेलं 'सीडिंग' असणं वेगळं. पैसे ज्या खात्याला सीडिंग झालंय तिथंच जातात, तुम्ही पासबुक कुठलंही दाखवा. एका पोरीचं सीडिंग शाळेत असताना काढलेल्या, पुढं बंद पडलेल्या खात्याला होतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. ती बघून मगच अर्ज भरा, आणि खातं बदलायचं असेल तर बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या.

अर्ज भरणं त्यामानानं सोपं. महाडीबीटीवर आधारच्या ओटीपीनं नोंदणी करायची. तो मोबाईल नंबर वडिलांचा असेल तर त्यांना फोन जवळ ठेवायला सांगा. वडील उसात आणि फोन घरात, असं झालं की ओटीपी वाया. प्रोफाईल पूर्ण भरा आणि मगच योजना निवडा. कागद 256 केबीच्या आत बसवा, पण शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे. पासवर्ड विसरला म्हणून दुसरी प्रोफाईल काढू नका.

सबमिट केलं की अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडं जातो, मग प्राचार्य, मग विभाग. दर आठ दिवसांनी लॉगिन करा. 'सेंड बॅक' म्हणजे नामंजूर नव्हे. कारण वाचा, तेवढाच कागद बदला आणि मुदतीत पुन्हा पाठवा. मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतली फी तुमच्या खात्यावर आली तर ती 7 दिवसांत कॉलेजला भरायची असते. एकानं त्यातून मोबाईल घेतला, आणि परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी मावशीकडून उसने आणून फी भरली. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, आणि त्यासाठीही चालू वर्षाची फीची पावती लागते.