डिशचं बिल: पैसे नेमके कशाचे, आणि बॉक्स कधी बदलावा

जीसॅट-२४ हा भारतीय उपग्रह जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ८३ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर आहे. त्याचे २४ केयू-बँड (डिश टीव्हीच्या लहरींचा एक पट्टा) ट्रान्सपाँडर, म्हणजे लहरी घेऊन पुन्हा खाली पाठवणारी उपकरणं, टाटा प्ले या डीटीएच कंपनीने पूर्णपणे भाड्याने घेतले आहेत. डहाणूपासून गडचिरोलीपर्यंत ज्या ज्या छत्रीचं तोंड त्या दिशेला आहे, तिच्यावर या लहरी पडतात. महिन्याला दोनशेचा रिचार्ज करणाऱ्याच्या छतावरही आणि सातशेचा करणाऱ्याच्या छतावरही त्याच लहरी, तेच सगळे चॅनेल.

फरक पडतो तो बॉक्समध्ये. प्रत्येक पे चॅनेल कुलूपबंद होऊन येतो आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. कोणत्या बॉक्सने कोणतं कुलूप उघडायचं याचा परवाना त्या त्या बॉक्सच्या क्रमांकाच्या नावाने उपग्रहावरूनच पाठवला जातो. तुम्ही रिचार्ज करता ते हा परवाना चालू राहावा म्हणून. त्यामुळे बिल कमी करायचं असेल तर छत्री, केबल, बॉक्स यातल्या कशालाही हात लावावा लागत नाही. परवान्यांची यादी बदलायची असते. आणि नवा, महागडा बॉक्स घेतला म्हणून ही यादी स्वस्त होत नाही. हे दोन निर्णय वेगवेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. जाहिराती नेमके ते एकत्र करतात, ‘अपग्रेड करा आणि मोठा पॅक घ्या’ म्हणून.

बिलाचे तीन भाग असतात. पहिला नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ, नुसतं जोडणीचं भाडं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२० च्या नियमात ते २०० चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यापुढे जास्तीत जास्त १६० रुपये होतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. आता कंपन्या भागाप्रमाणे, चॅनेलच्या संख्येप्रमाणे वेगवेगळी एनसीएफ लावू शकतात, मात्र ती जाहीर करणं बंधनकारक आहे. म्हणून कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आधी ‘माझं एनसीएफ किती’ हे बघा. शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला लागू असेलच असं नाही. दुसरा भाग पे चॅनेल किंवा पॅक यांची किंमत. तिसरा भाग १८ टक्के जीएसटी, आणि तो या दोन्हींवर लागतो. समजा एनसीएफ १३० आणि प्रत्येकी १९ रुपयांचे पाच पे चॅनेल: १३० अधिक ९५, म्हणजे २२५, त्यावर जीएसटी ४० रुपये ५० पैसे, एकूण २६५ रुपये ५० पैसे. तुमचा आकडा याच्या दुप्पट असेल तर वरचे पैसे कोणत्या चॅनेलचे आहेत ते शोधायला हवं.

पॅक घ्यावा की एकेक चॅनेल? याला एक सरळ कसोटी आहे. पॅकमधल्या सगळ्या चॅनेलच्या सुट्या किमतींची बेरीज केली, तर पॅकवर त्यापेक्षा जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते. म्हणजे पॅक सुट्या बेरजेच्या ५५ टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. पॅकमधल्या चॅनेलची सुटी बेरीज ८० रुपये असेल तर तो कमीत कमी ४४ रुपयांना पडणार. तुमच्या घरात खरोखर बघितल्या जाणाऱ्या चॅनेलची सुटी किंमत ४४ च्या वर जात असेल तर पॅक घ्या. ३८ वरच थांबत असेल तर दोन सुटे चॅनेल घ्या आणि बाकीचे सोडा. सूट ४५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ही रेषा आणखी वर सरकते, म्हणून दरपत्रकातली खरी किंमत घेऊनच हिशेब करावा. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टरने, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपनीने, एखाद्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवली तर तो चॅनेल त्याला पॅकमध्ये घालता येत नाही. तो हवा असेल तर सुटाच घ्यावा लागतो.

कोणते चॅनेल बघितले जातात हे आठवून सांगू नका. पंधरा दिवस टीव्हीजवळ कागद ठेवा आणि जो जे लावेल त्याने क्रमांक लिहावा. मालिकांचे दोन-तीन, बातम्यांचा एक-दोन, लहान मुलांचा एखादा, क्रिकेटचा एखादा, अशीच यादी बहुतेक घरांत निघते. क्रिकेटचा चॅनेल स्पर्धेपुरता घ्या आणि स्पर्धा संपली की काढा. वर्षभर तो ठेवण्याचं कारण नाही. मात्र काढताना किमान मुदतीची अट आहे का, ते आधी वाचा.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते जोडीच्या चॅनेलवर. एकाच चॅनेलचं एसडी (साधं) आणि एचडी (जास्त स्पष्ट) रूप एका पॅकमध्ये ठेवायला नियमाने बंदी आहे. पण मूळ पॅक एसडीचा आणि वर घेतलेला अ‍ॅड-ऑन एचडीचा असला, की तीच मालिका दोन क्रमांकांवर दिसते आणि दोन्हींचे पैसे जातात. त्यात जुन्या नियमाच्या मोजणीत एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलइतका धरला जात असे. म्हणजे २०० ची मर्यादाही लवकर भरत असे. अ‍ॅपमधली तुमची यादी नावाने लावून बघा, जोड्या लगेच सापडतात.

यादी बदलल्यावर एक तांत्रिक काळजी घ्या. परवान्याचा निरोप उपग्रहावरून येतो आणि काही काळच पुन्हा पुन्हा पाठवला जातो. त्या वेळी बॉक्सचं बटण बंद असेल तर निरोप चुकतो आणि पैसे भरूनही चॅनेल ‘सबस्क्राइब नाही’ दाखवतो. म्हणून रिचार्ज किंवा बदल करताना बॉक्स चालू ठेवा, पडद्यावर एखादा चालणारा चॅनेल लावून अर्धा तास राहू द्या. तरीही नाही आलं तर अ‍ॅपमधून ‘रिफ्रेश’ पाठवा. तक्रार नोंदवण्याची गरज बहुधा पडत नाही.

आता उपकरणांकडे. एसडीवरून एचडीवर जावं का, याचं उत्तर पॅकच्या किमतीत नाही. ते टीव्हीच्या आकारात आणि सोफ्याच्या अंतरात आहे. एसडी चित्रात ५७६ ओळी असतात, एचडीत १०८०. निरोगी डोळा साधारण एका कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील ओळखतो. ३२ इंची टीव्हीची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. त्यात ५७६ ओळी बसवल्या की एक ओळ ०.७ मिलिमीटरची होते, आणि सुमारे २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांपलीकडून ती डोळ्याला वेगळी दिसत नाही. ४३ इंचीला हेच अंतर साडेदहा फूट, ५५ इंचीला तेरा-साडेतेरा फूट. म्हणजे ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघणाऱ्या घराने एचडी पॅकवर दरमहा पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. ४३ इंची टीव्ही सात-आठ फुटांवर असेल तर फरक स्पष्ट दिसेल. गणित इतकं सरळ असलं तरी काही एसडी चॅनेल इतके दाबून पाठवले जातात की धावपळीच्या दृश्यांत चौकटी फुटलेल्या दिसतात; तो दोष लांबूनही जाणवतो.

इथे एक मधला मार्ग फार उपयोगी आहे आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही. जुना एसडी बॉक्स टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी जोडलेला असतो. त्यातल्या एकट्या पिवळ्या तारेतून चित्राचा उजेड आणि रंग यांची माहिती एकत्र जाते, टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते, आणि त्यात कडा पुसट होतात, रंग ओघळतात. एचडी बॉक्स घेऊन एचडीएमआय केबल लावली पण पॅक एसडीचाच ठेवला, तरी तेच एसडी चॅनेल अधिक स्वच्छ दिसतात. खर्च एकदाच होतो, महिन्याचं बिल तेवढंच राहतं.

अँड्रॉइड बॉक्सबद्दल, म्हणजे इंटरनेटवरचे अ‍ॅपही चालवणाऱ्या बॉक्सबद्दल, आमचं मत स्पष्ट आहे: टीव्ही स्मार्ट असेल तर त्याची गरज नाही. टीव्ही साधा असेल तर एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक तेच काम करते, आणि डीटीएच कंपनी बदलली तरी ती तुमच्याकडेच राहते. बॉक्सचं तसं होत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीची कुलपं उघडत नाही. बॉक्स अदलाबदल करता यावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण मोबाइल नंबरासारखी ही सोय अजून ग्राहकाच्या हातात आलेली नाही. म्हणून कंपनी बदलण्याआधी भागाकार करा: नवा बॉक्स, छत्री आणि बसवणी मिळून १,८०० रुपये लागणार असतील आणि महिन्याला ६० रुपये वाचणार असतील, तर पैसे वसूल व्हायला ३० महिने लागतात. तेवढ्या काळात दर नक्की बदलतील.

चित्र अडकतं, तुटतं म्हणून बॉक्स बदलणारे बरेच असतात. दोष बहुतेक वेळा छतावर असतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत केयू-बँडला साधारण तीन अंश रुंद असतो. छत्री दीड अंश फिरली की मिळणारी शक्ती निम्मी होते. दीड अंश म्हणजे छत्रीच्या कडेला अवघे आठ मिलिमीटर. गच्चीवर वाळत घातलेली चादर छत्रीत अडकली, किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेने नट गंजून सैल पडला, की तेवढी सरकते. उन्हाळ्यात काही कळत नाही, कारण सिग्नलमध्ये राखीव जागा असते. जूनमध्ये पाऊस लहरी शोषतो, विखुरतो आणि वर स्वतःचा गोंगाटही मिसळतो. राखीव संपते आणि चित्र एकदम जातं. डिजिटल चित्र हळूहळू पुसट होत नाही. उंबरठ्याखाली गेलं की संपलंच. लहरींवर माहिती चढवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; एचडीसाठी वापरली जाणारी ८पीएसके पद्धत तेवढ्याच संरक्षणाच्या क्यूपीएसके पद्धतीपेक्षा सुमारे चार डेसिबल जास्त सिग्नल मागते. म्हणून छत्री थोडी चुकलेली असेल तर अशा पद्धतीचे चॅनेल आधी जातात, आणि लोकांना वाटतं एचडी बॉक्सच खराब.

तपासणी अशी करा. कोरड्या हवेत मेनूमधलं सिग्नलचं पान उघडा. तिथे ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे असतात. दोन्ही शून्य असतील तर दोष केबल, तिची पिन किंवा एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, लहरी पकडणारा डबा) यांपैकी कशात तरी आहे. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर छत्रीची दिशा चुकली आहे किंवा जोडात पाणी आहे. मग छतावरची पिन उघडून बघा. मधली तार काळी किंवा हिरवट पडली असेल तर साधारण एक फूट केबल कापून नवी पिन लावायची, वर वॉटरप्रूफ टेप गुंडाळायची आणि पिनेच्या आधी केबलला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. एलएनबीचं प्लास्टिकचं टोपण उन्हाने तडकलंय का, आत गांधीलमाशीचं घर आहे का, तेही बघा. एलएनबीला केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, म्हणून पिन काढण्याआधी बॉक्स भिंतीवरून बंद करा. उतरत्या पत्र्यावर स्वतः चढू नका. आणि मार्चच्या मध्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं तर काहीच करू नका: सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

दुसऱ्या टीव्हीसाठी केबलला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालत नाहीत. बॉक्स १३ व्होल्ट देऊन उभं आणि १८ व्होल्ट देऊन आडवं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) मागतो; एका तारेवर दोन बॉक्सची दोन मागणी आली की एकाचे चॅनेल जातात. दोन तोंडांची एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल लागते. पण आतल्या खोलीत फक्त बातम्या आणि जुने सिनेमे लागत असतील तर दुसरी जोडणी घेण्याऐवजी दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा विचार करा. महिन्याचं शुल्क नाही, छत्री-बॉक्सचा खर्च एकदाच. डीडी सह्याद्री तिथे आहेच. खासगी चॅनेल लिलावातून येतात, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते. बॉक्स एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत ओळखणारा) घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळे चॅनेल उघडत नाहीत. नवा टीव्ही घेणार असाल तर त्यातच सॅटेलाइट ट्यूनर आहे का, हे विचारा. भारतीय मानक ब्युरोचं त्यासाठीचं मानक आयएस १८११२ आता आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ मात्र ९३.५ अंशावर आहे. पुण्यातून ८३ अंशाचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १५३ अंशांवर आणि क्षितिजापासून ६६ अंश वर दिसतो, तर जीसॅट-१५ हा १३२ अंशांवर आणि ५९ अंश वर, म्हणजे बराच पूर्वेकडे आणि थोडा खाली. तेव्हा छत्री वेगळी लावावी लागेल, आणि तिच्यासाठी जागा निवडताना आग्नेयेकडची नारळाची झाडं आणि पाण्याच्या टाक्या आधी बघून घ्या.