ढिली चेन आणि माघारी येणारा रोबो

कपड्यांच्या दोरीवर ओली सोलापुरी चादर टाकली की दोरी वीतभर खाली येते. त्यासाठी दोरी फार लांब व्हावी लागत नाही; बोटभर सैल असली तरी पुरते. रोबोच्या चेनचंही तसंच. दोन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांमध्ये, 300 मिलिमीटर अंतर असेल आणि चेन 2 मिलिमीटर जास्त असेल, तर सगळा ढिलेपणा एका बाजूला गोळा होऊन मध्ये 15 मिलिमीटरचा झोळ पडतो. 8 मिलिमीटर जास्त असेल तर 30. एवढी लोंबलेली चेन जोर पडला की दातांवरून उडी मारते, आणि ऐन सामन्यात रोबो एकाच चाकावर गरगर फिरत बसतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमागाच्या शेडमागे इंजिनिअरिंगची पाच-सहा मुलं रोबोकॉनची तयारी करत होती, तिथे मी हे पाहिलं. रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या मुलांची रोबोंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, 2002 पासून भरते. 2008 साली पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता, 2022 साली दिल्लीत लगोरीवर. खेळ दरवर्षी नवा. चेन उतरायची ती उतरतेच.

"सर, चेन ताणली," एक जण म्हणाला. चेन कालच आणलेली, ती ताणणार कशी? कागद घेऊन बसलो. दोन्हीकडे 18 दातांची स्प्रॉकेट, मध्ये 300 मिलिमीटर, सायकलची चेन म्हणजे एका कडीपासून दुसरीपर्यंत 12.7 मिलिमीटर. हिशोबाने लागतात 65.2 कड्या. पण आतली कडी, बाहेरची कडी अशी जोडी असल्यामुळे चेन सम आकड्यातच जुळते. मुलांनी 66 घेतल्या होत्या. म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा ढिलेपणा पहिल्या दिवसापासून आराखड्यातच होता! अंतर 304.8 ठेवलं असतं तर 66 कड्या नेमक्या बसल्या असत्या. सांगाड्याच्या पाइपात भोकं नव्याने पाडली आणि टेन्शनर, म्हणजे चेन दाबून ताठ ठेवणारा भाग, न लावताच निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं झिजेचं. "चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, घासले जातात. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा विसावा भाग गेला, तरी 66 सांध्यांत मिळून 3.3 मिलिमीटर होतात.

एका मुलाचे वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर. सुताच्या रुळावर, म्हणजे बीमवर, वजन लटकवून ताणा (कापडाचे उभे धागे) ताठ ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "चेनला पण वजनच टाका की," ते म्हणाले. धावत्या, धडका खाणाऱ्या रोबोवर वजन उड्या मारणार, म्हणून मुलांनी दाराची जुनी स्प्रिंग घेऊन चेनच्या खालच्या बाजूला एक छोटी पुली दाबून बसवली. रोबो पुढे झकास गेला. मागे घेतला आणि कड-कड-कड, चेन खाली!

मोटर ज्या बाजूने चेन ओढून घेते ती बाजू ताठ असते, जिकडे सोडते ती ढिली. गिअरच्या सायकलला मागे स्प्रिंगचा टेन्शनर चालतो, कारण पायडलचा जोर एकाच दिशेने येतो. खालची बाजू कायम ढिलीच. मागावर ताणाही पुढेच सरकतो. रोबो मात्र माघारी येतो. तेव्हा खालची बाजू ताठ होते, स्प्रिंगला सहज दाबून सरळ होते आणि सगळा झोळ वर जातो, जिथे पुली नाही. स्प्रिंग आणखी कडक केली तर बेअरिंगवर फुकटचा भार पडतो आणि मोटर तापते.

माझं मत विचाराल तर चाकाचा आस सरकवणं सगळ्यात चांगलं, मोटरसायकलला असतं तसं. 3.3 मिलिमीटरची झीज भरून काढायला आस फक्त 1.65 मिलिमीटर सरकवावा लागतो. 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे दोन आटेसुद्धा नाहीत. पण चौकोनी पाइपात सरळ खाच काढायला मिलिंग मशीन हवं. मुलांकडे होती हातड्रिल.

मग भंगारातून 24 दातांची सायकलची चकती आली. ना आस, ना बेअरिंग. चेनच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या मधोमध नुसती अडकवून दिली. दोन बाजूंमध्ये 73 मिलिमीटर जागा, चकती 97 मिलिमीटरची, म्हणून ती चेनला फाकवून धरते. वरची बाजू एकीकडे जाते, खालची तितक्याच वेगाने उलटीकडे, त्यामुळे चकती पुढेमागे न जाता जागच्या जागी फिरते. दातांमुळे आडवीही निसटत नाही. रोबो पुढे जाताना वरची ताठ बाजू तिला खाली ढकलते, मागे येताना खालची बाजू वर ढकलते. जिकडे झोळ तिकडे ती आपली आपण जाते आणि जवळपास 4 मिलिमीटर ढिलेपणा खाऊन टाकते. झीज त्यापुढे गेली तर मात्र चकतीच निखळून पडेल, म्हणून ठरावीक कड्यांची लांबी मोजत राहायचं आणि त्याआधीच चेन बदलायची. शिवाय स्प्रॉकेटचं भोक ड्रिलने जरा बाजूला गेलं असेल तर फिरताना चेन कुठे ताठ, कुठे सैल होते. चकती निवडायची ती सगळ्यात ताठ जागेवर चेन आणून.

संध्याकाळी जॉबरकाका पुन्हा आले. रोबो हाताने पुढे ढकलला, चकती खाली बसली. मागे ओढला, वर आली. चार वेळा केलं.

"हिला धरलंय कुणी?" म्हणत त्यांनी वाकून हात पुढे नेला.

"अण्णा, बोट नको!" पोरगं ओरडलं.