घनतेच्या सरासरीआड दडलेली वस्ती

इजिप्तमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे १०० माणसे राहतात, हे विधान हिशेबाला बरोबर असले तरी तेथील वस्तीचे चित्र म्हणून साफ चुकीचे आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १० कोटींहून अधिक. परंतु त्यांपैकी जवळपास ९५ टक्के लोक नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात, म्हणजे जेमतेम ५ टक्के जमिनीवर दाटीवाटीने राहतात. तिथली घनता दोन हजारांच्या घरात जाते, तर वाळवंटात मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही.

शाळेत शिकलेला क्षेत्रघनी नकाशा अशाच सरासरीवर उभा असतो. संपूर्ण जिल्हा एकाच छटेने रंगवला जातो आणि वस्तीची घनता जणू प्रशासकीय सीमेवरच एकदम बदलते, असा भास होतो.

यावर जॉन राइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९३६ मध्ये केप कॉड द्वीपकल्पाचे उदाहरण घेऊन मांडलेली रीत मला विलक्षण देखणी वाटते. समजा, १०० चौरस किलोमीटरच्या तालुक्यात २०,००० लोक आहेत; सरासरी घनता २००. त्यातील ३० चौरस किलोमीटर जंगल व तलाव निर्मनुष्य असल्याने आधीच वगळायचे. उरलेल्यांपैकी ६० चौरस किलोमीटर शेतजमीन आहे आणि जवळच्या, निव्वळ शेतीच्या भागांवरून तिथली घनता ५० धरता येते. म्हणजे ३,००० लोक शेतावर राहतात. उरलेले १७,००० लोक राहिलेल्या १० चौरस किलोमीटरवर असणारच, तेव्हा तिथली घनता १,७०० येते. जनगणनेने दिलेली एकूण संख्या एकानेही बदललेली नाही, तरी २०० हा आकडा मात्र नकाशावरून पूर्णपणे नाहीसा झाला. शेतीसाठी धरलेली घनता चुकली, तर तिची चूक वस्तीच्या आकड्यात उतरते. म्हणून ती निवडताना भूगोलतज्ज्ञाला प्रदेशाची खरी जाण असावी लागते. आज जमिनीचा वापर उपग्रहचित्रांवरून ओळखला जातो आणि अशाच वाटपातून १०० मीटरच्या चौकटींपर्यंतचे नकाशे तयार होतात.

रात्रीच्या उजेडाची उपग्रहचित्रे समाजमाध्यमांवर ‘लोकसंख्येचा नकाशा’ म्हणून फिरतात, त्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या विरळ वस्तीच्या तेलक्षेत्रात जाळला जाणारा वायू अवकाशातून महानगरासारखा झगमगतो, तर वीज नसलेली दाट वस्ती अंधारातच राहते. उजेड ऊर्जेचा वापर दाखवतो, माणसांची संख्या नव्हे.

शिवाय, जनगणना माणसाची नोंद साधारणपणे त्याच्या राहत्या ठिकाणी करते. त्यामुळे कार्यालयांनी गजबजलेला व्यापारी भाग तिच्या नकाशात जवळजवळ ओस दिसतो आणि भर दुपारी भूकंप झाल्यास मदत कुठे पाठवायची, हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी दिवसाच्या लोकसंख्येचा वेगळा नकाशा करावा लागतो आणि त्यात कामाच्या जागा, शाळा व रोजच्या ये-जा करणाऱ्यांची आकडेवारी धरावी लागते.