अतिशीत प्रक्रिया (मोटारीच्या सुट्या भागांची)

कडक केलेले पोलाद द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १९६ अंश सेल्सिअसच्या जवळ नेऊन, तिथे बहुधा दिवसभर ठेवून, सावकाश परत आणण्याची पद्धत. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापेच्या कारखानी गाळ्यांत ज्याला ‘सब-झिरो’ म्हणतात, ते बऱ्याचदा उणे ८० अंशांच्या आसपासचे काम असते. दोन्ही एक नव्हेत. दर विचारण्याआधी तापमान विचारावे.

लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा तापल्या पोलादातील ऑस्टेनाइट या मऊ अंतर्रचनेचे क्षणात मार्टेन्साइट या कठीण रचनेत रूपांतर होते. कार्बन जास्त असला की हे रूपांतर साध्या तापमानाला पुरे होत नाही, थोडा मऊ ऑस्टेनाइट मागे उरतो. थंडी हे उरलेले काम करते. म्हणून खरा लाभ हत्यारांना : डी-२ पोलादाचे (दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम) पंच आणि डाय (पत्रा कापण्या-दाबण्याचे साचे), हायस्पीड स्टीलचे कटर. कठीणपणा एखाद-दोन एचआरसीनेच (रॉकवेल मापाच्या अंकांनीच) वाढतो, पण पुढच्या टेम्परिंगमध्ये, म्हणजे पुन्हा बेताने तापवताना, कार्बाइडचे (कार्बन व धातूच्या संयुगाचे) बारीक कठीण कण पडून झीज कमी होते. हे टेम्परिंग टाळले तर नवा मार्टेन्साइट ठिसूळच राहतो. घाईने थंडीची पेटी उघडली, तर ठाण्याच्या दमट हवेत डायवर आधी पांढरा बर्फाचा थर धरतो, मग पाणी सुटते आणि न पुसल्यास गंज चढतो.

गिअरच्या केस-हार्डन केलेल्या (फक्त पृष्ठभाग कडक केलेल्या) दातांत असा ऑस्टेनाइट असतो, पण तो सगळाच नको असतो असे नाही. थोडा राहिला तर दातावरचा भार झेलायला मदतच होते. किती ठेवायचा हे कारखान्यात ठरलेले असते, त्यात मागाहून हात घालू नये. पिस्टन ॲल्युमिनियमचे, तिथे हे रूपांतर नाहीच.

सर्वाधिक विचारणा ब्रेक डिस्कची होते. ती बहुधा करड्या ओतीव लोखंडाची, पर्लाइट या (सावकाश थंड होताना बनणाऱ्या) रचनेची असते; रूपांतर व्हायला ऑस्टेनाइट जवळजवळ नसतोच. झीज घटल्याचे दावे आहेत, निष्कर्ष एकमुखी नाहीत. घोडबंदरच्या गायमुख घाटात ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते, तेव्हा ‘डिस्क वाकली’ म्हणतात; पुष्कळदा पॅडचा माल डिस्कवर असमान चिकटलेला असतो किंवा जाडी कमी-जास्त झालेली असते. थंडीने यातले काहीच सुधारत नाही. लेथवर डिस्क घासून घ्यावी. जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याखाली जाणार असेल, तर नवी जोडी बसवावी.