कुटुंबरचना, वंश आणि पालक-सहभाग : अमेरिकेतील शालेय संपादणूक

मूल घरात कोणाकोणाबरोबर वाढते, त्याच्या कुटुंबाची गणना कोणत्या वंशात होते आणि आईवडील त्याच्या शिक्षणात कितपत लक्ष घालतात, या तीन गोष्टींचा त्याच्या गुणांशी, शाळा पूर्ण होण्याशी आणि कॉलेज-प्रवेशाशी असलेला संबंध हा अमेरिकेतील शिक्षणाच्या समाजशास्त्रातला जुना आणि कायम तापलेला विषय आहे. तो तापतो याचे कारण हे तिन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. एकपालक घरांचे प्रमाण वंशागणिक बदलते, घरातले उत्पन्न त्या दोन्हींप्रमाणे बदलते आणि शाळेत जाऊन बोलायला लागणारा वेळ व धीर उत्पन्नाप्रमाणे बदलतो. ‘घर मोडले म्हणून मूल मागे पडले’ हे वाक्य म्हणूनच बोलायला सोपे आणि सिद्ध करायला फार अवघड आहे.

पार्श्वभूमी

वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात घटनाबाह्य ठरवल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील एका कलमाने शिक्षणातल्या विषम संधींची देशभर पाहणी करण्याचा आदेश दिला आणि ते काम समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्याकडे गेले. सुमारे ४,००० शाळा आणि ६ लाखांच्या घरात विद्यार्थी एवढा पसारा असलेला हा अहवाल १९६६ च्या जुलैत बाहेर आला. कृष्णवर्णीयांच्या शाळांना पुस्तके, प्रयोगशाळा आणि शिक्षक कमी मिळतात, म्हणून मुले मागे राहतात, असा सरळ हिशेब त्यातून निघेल अशी बहुतेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात साधनसामग्रीतली तफावत वाटली होती त्याहून कमी निघाली आणि मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या खर्चापेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी अधिक जुळला. ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा त्याचा अर्थ पुढे अनेकांनी लावला, पण अहवालात तसे नाही. गोऱ्या मुलांपेक्षा अल्पसंख्य गटांतील मुलांवर शाळेचा परिणाम जास्त होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हा भाग फारसा कोणी उद्धृत करत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी कामगार खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवरचा आपला अहवाल सादर केला होता. कृष्णवर्णीयांमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण तेव्हा एक चतुर्थांशाच्या जवळ पोहोचले होते. मॉयनिहन यांचा रोख पुरुषांच्या रोजगाराकडे होता. गाजले मात्र कुटुंबाच्या ‘विघटना’चे शब्द, आणि पीडितालाच दोषी ठरवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. स्वतः मॉयनिहन यांचे वडीलही ते लहान असतानाच घर सोडून गेले होते. आज कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आणि साऱ्या देशात ४० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वी एका समाजाचे संकट म्हणून मांडलेला आकडा आता सगळ्या देशाने मागे टाकला आहे.

घरात किती पालक?

या प्रश्नावरचे पायाभूत काम सारा मॅक्लनाहन आणि गॅरी सँडेफर यांचे (१९९४). एकाच पालकाबरोबर वाढलेल्या मुलांत शाळा अर्धवट सोडण्याचा धोका दोन्ही जन्मदात्यांबरोबर वाढलेल्या मुलांच्या सुमारे दुप्पट आढळला. त्यांनी पुढची उकल केली ती अधिक मोलाची आहे. या तोट्याचा जवळजवळ अर्धा भाग केवळ कमी उत्पन्नाचा होता. उरलेल्यात वारंवार घर बदलणे, त्यामुळे शाळा आणि शेजार तुटणे आणि देखरेखीला हात अपुरे पडणे ही कारणे होती. सावत्र पालक आल्याने उत्पन्न वाढले तरी मुलांची स्थिती एकपालक घरांपेक्षा फारशी सुधारत नव्हती. उलट पालकाच्या मृत्यूमुळे एकपालक झालेल्या घरांतली मुले घटस्फोटित घरांतल्या मुलांपेक्षा सरस ठरत. घरातल्या माणसांची नुसती मोजदाद फार काही सांगत नाही, हे एवढ्यावरूनच कळते.

वंशाचा धागा जोडला की चित्र आणखी बदलते. क्रिस्टिना क्रॉस यांनी २०२० मध्ये दाखवले की दोन्ही पालकांबरोबर न राहण्याचा शालान्त पूर्ततेवरचा परिणाम गोऱ्या मुलांत अधिक आणि कृष्णवर्णीय मुलांत त्याहून कमी असतो. याची दोन कारणे त्यांनी तपासली. मुळातच आर्थिक ओढाताण असलेल्या घराला आणखी एका धक्क्याने तुलनेने कमी फरक पडतो, हे पहिले, आणि त्याचाच वाटा मोठा निघाला. दुसरे कारण नातेवाइकांचा आधार. त्याचा वाटा लहान होता, पण नगण्य नव्हता. आजी, मावशी किंवा मामा यांच्यासह एका छपराखाली बालपणाचा काही काळ काढणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे, तर गोऱ्या मुलांत ते पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. एकत्र कुटुंब पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण ‘आई अविवाहित’ अशी नोंद असलेल्या रकान्यात स्वयंपाकघरात गृहपाठ करवून घेणारी आजी दिसत नाही, आणि धोरणे ठरतात ती त्या रकान्यावरून.

‘बेपत्ता कृष्णवर्णीय बाप’ या प्रतिमेचेही असेच आहे. केंद्रीय आरोग्य आकडेवारी केंद्राच्या २०१३ च्या अहवालात मुलांबरोबर राहणारे कृष्णवर्णीय वडील मुलांना भरवणे, आंघोळ घालणे, अभ्यास घेणे यांत इतर गटांतल्या वडिलांच्या बरोबरीचे, काही बाबतींत पुढचेच आढळले.

वंश, उत्पन्न आणि पहिली इयत्ता

रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ च्या शरद ऋतूत बालवर्गात दाखल झालेल्या मुलांची माहिती तपासली (२००४). पालकांचे शिक्षण व उत्पन्न, आईचे वय, घरातली मुलांची पुस्तके अशा मोजक्या गोष्टी जमेस धरल्यावर प्रवेशाच्या वेळचे गोऱ्या-कृष्णवर्णीय मुलांतील गणिताचे अंतर बरेचसे विरघळले आणि वाचनात तर कृष्णवर्णीय मुले किंचित पुढे निघाली. मात्र शाळेतल्या पुढच्या वर्षांत हेच अंतर पुन्हा वाढत गेले. घर तेच होते, आईवडीलही तेच होते. म्हणजे या काळातल्या वाढीचे खापर कुटुंबावर फोडता येत नाही. शाळांची गुणवत्ता, वस्त्यांचे विभाजन, शिक्षकांच्या अपेक्षा, शिस्तभंगाच्या शिक्षांतला भेदभाव ही कारणे मग चर्चेत येतात. शाळेतून तात्पुरते काढून टाकले जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यांच्या पटसंख्येतील वाट्याच्या दुपटीहून जास्त असते.

शॉन रिअर्डन यांच्या मांडणीनुसार श्रीमंत आणि गरीब घरांतील मुलांच्या गुणांमधली दरी आता वांशिक दरीच्या जवळपास दुप्पट झाली आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी नेमके उलट होते. यावरून ‘आता प्रश्न आर्थिक वर्गाचा उरला, वंशाचा नाही’ असे म्हणणाऱ्यांना राज चेट्टी व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासाने अडवले. एकाच वस्तीत, सारख्या उत्पन्नाच्या आणि दोन्ही पालक असलेल्या घरांत वाढूनही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात, असे देशातल्या जवळपास सर्व वस्त्यांत आढळले. मुलींत असा फरक जवळजवळ नव्हता. आणखी एक निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कृष्णवर्णीय मुलग्यांना लाभ होतो तो वस्तीत कृष्णवर्णीय वडिलांची उपस्थिती जास्त असेल तिथे, मग स्वतःच्या घरात वडील असोत वा नसोत.

पालक-सहभाग म्हणजे काय?

शाळांच्या भाषेत सहभाग म्हणजे पालकसभा, स्वयंसेवा, गृहपाठावर देखरेख. जॉयस एप्स्टाइन यांनी त्याचे सहा प्रकार पाडले आणि पालकत्वापासून निर्णयप्रक्रियेतील वाट्यापर्यंत सगळे त्यात बसवले. कायद्यानेही ते मनावर घेतले. गरीब विद्यार्थ्यांसाठी मिळणारा केंद्रीय निधी ज्या शालेय जिल्ह्यांत (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) ५ लाख डॉलरच्या वर जातो, त्यांना किमान १ टक्का पालक-सहभागासाठी राखून ठेवावा लागतो.

परिणाम मात्र सरसकट नाहीत. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये मधल्या इयत्तांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलाशी शिक्षणाच्या उपयोगाबद्दल बोलणे आणि पुढच्या वाटा दाखवणे सर्वाधिक उपयोगी दिसले, तर गृहपाठात मदत करण्याचा संबंध कमी गुणांशी निघाला. मदतीने गुण घसरतात असे याचे वाचन करणे घाईचे ठरेल. जे मूल अडखळते त्याच्याच शेजारी पालक बसतात. तरीही कीथ रॉबिन्सन आणि एंजेल हॅरिस यांनी २०१४ मध्ये सहभागाचे साठाहून अधिक प्रकार तपासले तेव्हा बहुतेकांचा गुणांशी लाभदायक संबंध आढळला नाही.

ॲनेट लारू यांनी वेगळा मार्ग धरला. १९९० च्या दशकात त्यांच्या चमूने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा १२ कुटुंबांच्या घरी ठिय्या दिला. एका प्रसंगात मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय आई चौथीतल्या मुलाला डॉक्टरांकडे नेताना गाडीतच सांगते : विचारायचे प्रश्न मनात तयार ठेव, काहीही विचार. मुलगा आत जाऊन काखेतल्या पुळ्यांबद्दल स्वतः विचारतो आणि डॉक्टरांची चूकही दुरुस्त करतो. दुसऱ्या घरी कामगारवर्गीय गोरी आई आहे. तिची मुलगी चौथीत पोहोचूनही वाचू शकत नाही. आईला काळजी आहे, ती शाळेच्या बोलावण्याला जाते, पण ‘ते शिकलेले आहेत, त्यांना कळते’ म्हणून निर्णय शिक्षकांवर सोपवते. प्रेम दोन्हीकडे सारखेच आहे. पहिल्या पद्धतीला ‘योजनाबद्ध मशागत’ म्हणता येईल आणि शाळा तिलाच दाद देतात. या दैनंदिन व्यवहारात वर्ग वंशापेक्षा जास्त बोलतो, असा लारू यांचा निष्कर्ष होता.

पण शाळेच्या दारात वंश पुन्हा भेटतो. लारू आणि एरिन हॉर्वट यांनी १९९९ मध्ये नोंदवले की शिक्षकांना हवे असतात ते कौतुक करणारे, विश्वास ठेवणारे पालक. शाळेतल्या वर्णभेदाचा अनुभव असलेले कृष्णवर्णीय पालक रागाने, जाब विचारत आले, तर तो सहभाग न मानता ‘उपद्रव’ मानला जाई. मुलाच्या काळजीने टाकलेले पाऊल एका घराच्या खात्यावर जमा होते आणि दुसऱ्या घराच्या नावे टाकले जाते.

भारतीय व मराठी कुटुंबे

आशियाई मुलांच्या यशाचा दाखला या वादात नेहमी पुढे केला जातो आणि त्यात अमेरिकेतली मराठी मंडळीही आली. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे तिथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या, सुटीच्या दिवशी पालकांनीच स्वेच्छेने चालवलेल्या मराठी शाळा हा पालक-सहभागाचा चांगलाच नमुना आहे. मात्र यशाचे श्रेय ‘आपल्या संस्कारां’ना देण्याची घाई झाली की एक गोष्ट विसरली जाते. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आणि नंतरच्या व्हिसांनी डॉक्टर, अभियंते, संगणकतज्ज्ञ निवडून आत घेतले. तिथल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. भारतात राहिलेल्यांत हे प्रमाण त्याच्या आसपासही नाही. अशा चाळून घेतलेल्या समूहाची तुलना गुलामगिरी आणि वेगळ्या शाळांच्या वारशातून आलेल्या समूहाशी करून संस्कृतीचा धडा देणे हे शास्त्र नव्हे.

प्रयोग

शिकागोजवळच्या शिकागो हाइट्स गावात फ्रायर, लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी पालकांना त्यांच्यासाठीच भरवलेल्या वर्गांना हजर राहण्यासाठी आणि मुलांचा अभ्यास घेण्यासाठी वर्षाला ७,००० डॉलरपर्यंत मोबदला दिला. हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) आणि गोऱ्या मुलांची प्रगती ठळक झाली, कृष्णवर्णीय मुलांत तशी दिसली नाही. पीटर बर्गमन यांचा लॉस एंजेलिसच्या एका गरीब वस्तीतील प्रयोग त्या मानाने फारच स्वस्त होता. मूल प्रत्यक्षात करते त्याहून जास्त काम करते असे पालकांना वाटत असते, एवढे धरून त्यांनी मोबाइलवर निरोप पाठवले. निरोपात उपदेश नव्हता, विषय आणि राहिलेल्या गृहपाठाचे पान एवढेच होते. वरच्या इयत्तांत कामे वेळेवर येऊ लागली आणि गुण वाढले. खालच्या माध्यमिक इयत्तांत मात्र परिणाम आढळला नाही.