धुराडं मागे राहिलं

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, तिच्यात पेटलेल्या ढलप्या आणि भुईमुगाची टरफलं, भोवती पाणी आणि वर धूर जायला वीतभर धुराडं. पडवी तीन बाजूंनी उघडी. पुढे घर नव्यानं बांधलं, बंब माळ्यावर गेला आणि न्हाणीघराच्या भिंतीवर गॅस गिझर आला. आग तीच होती. फक्त उघड्यावरून ती कडी लावलेल्या खोलीत आली, आणि येताना धुराडं मागे ठेवून आली.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी आई आंघोळ करून बाहेर आली ती डोकं धरूनच. मळमळत होतं, पाय लटपटत होते. आप्पांनी करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. "अठ्ठ्याण्णव आहे की! पित्त झालं असेल." अर्ध्या तासात आई सावरली आणि विषय संपला. मला हे आठवड्यानं फोनवर कळलं, आणि ऐकता ऐकता माझेच पाय लटपटले.

त्या न्हाणीघराचा हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर गिझरला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळावा लागतो. तेवढा गॅस नीट जळायला मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा भरते ६,८०० लिटर. म्हणजे झरोका बंद, दाराखाली टॉवेल सारलेला असेल तर अर्ध्या तासाची बेगमी. पण ज्योत तेवढी वाट पाहत नाही. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८-१९ वर उतरला की ज्वलन अर्धवट होऊ लागतं, आणि पूर्ण बंद खोलीत तिथवर पोचायला पाचेक मिनिटं पुरतात. अर्धवट जळालेल्या कार्बनला ऑक्सिजनचे दोन अणू मिळत नाहीत, एकच मिळतो. तोच कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. वजनाला जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे खाली बसत नाही की छताला चिकटत नाही, सगळीकडे मिसळतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८५७ साली दाखवून दिलं, की हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. शतकाच्या शेवटी जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञानं खाणकामगारांना सोबत छोटे प्राणी न्यायला सुचवलं. त्यातूनच कॅनरी पक्षी खाणीत गेले आणि ब्रिटिश खाणींत ते १९८६ पर्यंत राहिले. पक्षी माणसाच्या आधी कोसळतो, तेवढा वेळ माणसाला मिळतो. माणसाची अडचण अशी, की विषबाधा आधी बुद्धीवर येते. आपल्याला काहीतरी होतंय हे कळेनासं होतं आणि कडी काढायचं बळ हातात उरत नाही.

आणि तो ऑक्सिमीटर? तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्ताचा रंग वाचतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लालभडक दिसतं. म्हणून माणूस गुदमरत असताना आकडा ९८ राहू शकतो. आज घरोघरी हे यंत्र आहे, तेव्हा एवढी एक गोष्ट तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शेगडी किंवा गिझर चालू असताना डोकं दुखलं, तर ऑक्सिमीटरचा शब्द प्रमाण मानू नका. माणसाला आधी उघड्यावर आणा आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट बोलून दाखवा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

त्या फोननंतर मी घराला नाकं बसवायला घेतली. नाकं म्हणतो, कारण एकानं भागत नाही. धूर ओळखणारं यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, आणि ही दोन्ही सिलिंडरमधून गळणारा गॅस ओळखत नाहीत. दुकानात तिन्हींना सरसकट गॅस सेन्सर म्हणतात, तिथेच गफलत होते.

धुराच्या यंत्रात एक काळी डबी असते, तिच्यात एक बारीक दिवा आणि त्याच्याकडे पाठ फिरवलेला एक डोळा. धूर शिरला की प्रकाश कणांवरून विखुरतो आणि डोळ्यात जातो. कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रात एक इवलीशी विद्युतघट असते. वायू आत गेला की पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वायू जितका, तितका विजेचा प्रवाह वाहतो. ही घट पाच ते दहा वर्षांत थकते, मग बटण दाबल्यावर भोंगा वाजला तरी वास घेण्याचं काम बंद पडलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शे-दीडशे रुपयांत एमक्यू-७ नावाचा सेन्सर मिळतो. मुलांनी प्रयोगासाठी जरूर वापरावा, पण आईवडिलांच्या खोलीत त्याच्या भरवशावर कुणाला झोपवू नये. त्याला सतत तापवावं लागतं, दमट हवेनं तो भरकटतो. प्रमाणित यंत्र किती वायूला किती वेळात ओरडेल हे ठरलेलं असतं. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग असतील तर तास ते दीड तासात, १०० असतील तर १० ते ४० मिनिटांत, ३०० असतील तर तीन मिनिटांच्या आत.

आता बिनतारी जोडणीकडे येतो. माझा पहिला नियम एकच आहे आणि तो मी कुणासाठी वाकवत नाही. यंत्रानं स्वतःच्या बॅटरीवर, स्वतःच्या भोंग्यानं, कुणालाही न विचारता ओरडलं पाहिजे. वाय-फाय, मोबाइल, घरातला छोटा संगणक हे सगळे त्यानंतरचे. ज्या यंत्राचा आवाजच इंटरनेटवरून येतो, ते मी घरात घेत नाही.

मग जोडायचं कशाला? आमच्या घरापुरतं उत्तर आप्पांच्या कानांत आहे. बहुतेक भोंगे सेकंदाला ३,००० कंपनांच्या पुढची किनरी शिट्टी वाजवतात, आणि वयानुसार माणसाला नेमकं तेच आधी ऐकू येईनासं होतं. आप्पा ७४ वर्षांचे. शेजारच्या खोलीतून मी भोंगा वाजवून पाहिला, ते पेपर वाचत राहिले. झोपलेल्या माणसाला, विशेषतः कमी ऐकणाऱ्याला, ५२० कंपनांचा खर्जातला आवाज कितीतरी खात्रीनं जागं करतो हे संशोधनातून पुढे आलेलं आहे. म्हणून आता धुराचं किंवा कार्बन मोनॉक्साइडचं नाक बोललं, की आप्पांच्या उशाशी असलेला स्पीकर खर्जात वाजतो, खोलीतला दिवा लागतो आणि जिन्याचे दिवे दारापर्यंत उजळतात.

हे सगळं होम असिस्टंट या, घरातली यंत्रं एकत्र चालवणाऱ्या खुल्या प्रणालीवर चालतं. ती घरातल्याच एका पुस्तकाएवढ्या संगणकावर बसते, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी दिवा-स्पीकरचं काम अडत नाही. यंत्रं झिग्बी या कमी विजेवर भागणाऱ्या बिनतारी पद्धतीनं बोलतात. वाय-फायवर तेच यंत्र बॅटरी फार लवकर संपवतं. झिग्बीचं यंत्र बहुतेक वेळ झोपतं, एखादा निरोप देण्यापुरतं उठतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅटर या नव्या सामाईक मानकाच्या १.२ आवृत्तीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकांचा समावेश झाला, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळवणं सोपं होत जाईल. परदेशातून मागवलेल्या यंत्रांबाबत मात्र सावध राहा. झेड-वेव्ह या अशाच दुसऱ्या बिनतारी पद्धतीची भारतातली लहर ८६५ मेगाहर्ट्झची आहे, अमेरिकेतलं यंत्र ९०८ वर बोलतं. इथे ते मुकं राहील, शिवाय ती लहर वापरायला आपल्याकडे मोकळीकही नाही.

झिग्बीत निरोप हातोहात पुढे जातो. माडीवरचं यंत्र जिन्यातल्या स्मार्ट प्लगला, म्हणजे बिनतारी हुकमानं चालू-बंद होणाऱ्या प्लगला सांगतं, प्लग खालच्या संगणकाला. आमच्या तळमजल्याच्या जुन्या काळ्या दगडी भिंती तशाच ठेवल्यामुळे मला असे दोन प्लग मध्ये लावावे लागले. पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली तेव्हा चूक कळली. संगणक इन्व्हर्टरवर होता, पण प्लग मेनवर. वीज गेली, प्लग मेले, आणि माडीवरचं यंत्र बॅटरीवर ठणठणीत असूनही एकटं पडलं. वीज जाते तेव्हाच मेणबत्त्या लागतात, तेव्हाच लोक शेजारी जनरेटर सुरू करतात. निरोप पोचवणारा प्रत्येक दुवा इन्व्हर्टरवर हवा, हे मी आता ज्याला त्याला सांगतो.

दुसरी गोष्ट मौनाची. यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, की ते बंदच पडलंय? झिग्बीटूएमक्यूटीटी हा झिग्बीची यंत्रं संगणकाला जोडणारा प्रोग्रॅम बॅटरीवरच्या यंत्राला आपणहून २५ तास मुभा देतो, त्यानंतर ते हरवलं असं समजतो. धोक्याच्या यंत्रासाठी मला हे फार वाटलं. यंत्र दर काही तासांनी हजेरी देत असेल, तर दोन हजेऱ्या चुकल्या की मला निरोप येईल असं मी लावून घेतलं.

खोट्या ओरडीचं काय, हे सगळे विचारतात. स्वयंपाकघरात धुराचं यंत्र लावूच नका. मिरचीच्या फोडणीचा धूर आणि आगीचा धूर यांत त्याला फरक कळत नाही. चार वेळा ओरडलं की घरातलं कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं, आणि ते सर्वांत वाईट. तिथे उष्णतेवर चालणारं यंत्र ठेवा. महाबळेश्वरात एका नातेवाइकांच्या बंगल्यात वेगळाच त्रास होता: पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली की धुकं आत येतं आणि त्या काळ्या डबीला धुकंही धूरच. आम्ही यंत्र खिडकीपासून लांब, आतल्या बोळात नेलं. त्याच बंगल्यात थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारं लावायची पद्धत होती. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र निखारेच सर्वांत जास्त सोडतात. तिथलं नाक शेगडीसाठी आहे, पलंगाच्या उंचीवर.

कुठल्या धोक्याला घरानं काय करावं हेही वेगवेगळं. धूर असेल तर पंखे आणि एसी बंद झाले पाहिजेत, नाहीतर आगीला वारा मिळतो. कार्बन मोनॉक्साइड असेल तर आग विझली पाहिजे आणि माणसं बाहेर पडली पाहिजेत. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर घरानं काहीही चालू-बंद करता कामा नये. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचं नाक जमिनीपासून फूटभर उंचीवर असतं. पण दिव्याच्या बटणातली किंवा रिलेतली, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचमधली, एक ठिणगी त्याला पुरते. एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू करणारी जोडणी पाहिली की मला धास्ती वाटते. आमच्याकडे त्या नाकाचा निरोप फक्त भोंगा वाजवतो आणि फोन लावतो.

गिझरसाठी एक सोपी युक्ती सापडली. तो बॅटरीच्या ठिणगीनं पेटतो, म्हणून स्मार्ट प्लगनं बंद होत नाही. गॅसच्या नळीला हात लावायची माझी इच्छा नव्हती. पण पाण्याचा प्रवाह थांबला की त्याची ज्योत आपोआप विझते. म्हणून थंड पाण्याच्या नळावर मोटरचा व्हॉल्व्ह बसवला. न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या नाकानं इशारा दिला की पाणी बंद, गिझर बंद.

फोन आधी मला येत नाही. मी पुण्यात, ११० किलोमीटरवर. पहिला निरोप शेजारच्या काकूंना जातो, त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. मग मला. ११२ आणि १०८ हे आकडे दाराजवळ ठळक लिहून लावले आहेत.

आमचं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र नुसतं हो-नाही सांगत नाही, आकडाही देतं, आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. नोव्हेंबरात रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान आलेखात एक टेकडी उठायची. दहा लाख भागांत १२, १४, कधी १९. भोंगा वाजावा एवढं काहीच नाही. डिसेंबरात ती २७ वर गेली. मिस्त्रीला बोलावलं तर बर्नरवर काजळीचा थर आणि झरोक्यात कबुतराचं घरटं. मी मिस्त्रीला साफसफाई नको म्हणालो. गिझरच उतरवून मागच्या गच्चीच्या भिंतीवर, उघड्यावर लावायला सांगितला. आत फक्त गरम पाण्याची नळी आली.

तेव्हापासून आलेख सपाट आहे. नाक तिथेच ठेवलंय. दर महिन्याच्या एक तारखेला आप्पा काठीनं त्याचं बटण दाबतात, आणि पलीकडून काकू हाक मारतात, "ऐकू आलं हो!"